तिवशाच्या रजिस्टरातली मुलगी

गट जाहीर झाला तेव्हा आम्ही सगळ्या मुली शिबिराच्या जेवणघरात एका फोनभोवती गोळा झालो होतो. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी होती. चार देशांचा एक गट, तीन सामने, तेही सगळे एकाच परक्या देशात, आणि चारांतला फक्त पहिला पुढे जाणार. दुसरा आलेला संघ घरी. आमच्या गटात यजमान देश होता, पहिल्यांदाच मुलींचा संघ पाठवणारा एक आखाती देश होता, आणि तिसरा असा देश होता की ज्याच्या मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच होत्या. त्या उंच मुलींचं नाव आलं तेव्हा गोलकीपर म्हणाली, "मर गए." मग सगळ्याजणी माझ्याकडे बघून हसल्या. मी सेंटर बॅक होते. उंच मुलींना अडवायचं काम माझं.

त्या दिवशी मी वहीत गटाचा तक्ता काढला. चार देश, सामने, गुण, झालेले गोल, खाल्लेले गोल, सगळे रकाने पट्टीने आखले आणि त्याचा फोटो बाबांना पाठवला. बाबांनी तो अकोल्याच्या भाजीबाजारात, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घेतला आणि आमच्या दुकानाच्या खांबाला चिकटवला. वांगी घ्यायला आलेल्या माणसालाही ते सांगत, "हा आमच्या पोट्टीचा गट हाय. पयला आला तर पुढं जाते." एका चौकात माझा फोटो असलेला फलक लागला होता. तो मी प्रत्यक्ष कधी पाहिला नाही. मी परत आले तेव्हा तो काढून झाला होता.

फुटबॉल माझ्याकडे चालत आला असं म्हणायला हरकत नाही. आमचं मूळ गाव तेल्हाऱ्याकडचं. मी लहान असताना बाबांनी अकोल्याच्या कडेला वाट्यानं जमीन केली आणि भाजीपाला लावायला सुरुवात केली. त्या जमिनीच्या पलीकडे एका शाळेचं मैदान होतं. मैदानावरचा बॉल तारेवरून आमच्या मेथीत यायचा आणि मी तो लाथेनं परत द्यायचे. एक दिवस तिथले क्रीडाशिक्षक तारेजवळ आले आणि म्हणाले, "अजून एकदा मार बरं." मी मारला. त्यांनी पुन्हा इकडे टाकला. असं बराच वेळ चाललं. संध्याकाळी ते आमच्या घरी आले, आईच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "ह्या पोट्टीले मले द्या."

हे आमचे सर. पुढची सात-आठ वर्षं माझ्या आयुष्यात आईबाबांच्या खालोखाल तेच होते. कधी कधी वरही. पहाटे मैदानावर माझ्या आधी हजर. पहिले बूट त्यांनी आणले. सरांच्या पत्नी मला रोज दोन उकडलेली अंडी द्यायच्या, कारण आमच्या घरात अंडं शिजत नसे. मला ताप आला तर सर मोटारसायकलवरून दवाखान्यात न्यायचे. माझ्यावर ते कधी ओरडले नाहीत, आणि आम्हा मुलींत ही मोठीच गोष्ट होती, कारण बाकीच्यांवर ओरडायचे.

त्यांच्या शाळेत मला घातलं तेव्हा मी दोन वर्गांनी मागे गेले. आधीच्या शाळेत चौथी झाली होती, इथे तिसरीत बसवलं. मी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "ह्या शाळेचा अभ्यास अवघड हाय. तुले जमणार नाही, म्हणून मागं बसवलं." मी ते मान्य केलं. वर्गात मी सगळ्यांत उंच होते आणि शेवटच्या बाकावर बसायचे. कोणी विचारलं तर खाली बघून सांगायचे, "मी ढ आहे." हे इतक्या वेळा सांगितलं की पुढे ते मला खरंच वाटू लागलं. गणिताचा पेपर चांगला गेला तरी वाटायचं, काहीतरी चुकून झालं असेल.

लोक मला विचारतात, तुला स्वतःचं वय कसं माहीत नव्हतं? लहान मुलीचं वय तेच असतं जे घरचे सांगतात. आमच्याकडे वाढदिवस होत नसत. मी कार्तिकातली, कौंडण्यपूरच्या जत्रेच्या दिवसांतली, एवढं आई सांगायची. शाळेच्या दाखल्यावर मात्र जून होता. पण वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या दाखल्यावर जूनच होता, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. वर्ष कोणतं, हे मी दाखल्यावरूनच शिकले आणि फॉर्मवर तेच लिहीत गेले.

आधीच्या शिबिरांत फक्त कागद बघितले जायचे. या वेळी अंतिम यादी पाठवायच्या आधी सगळ्यांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. आम्हाला त्यात गंमत वाटली. रांगेत उभं राहून आम्ही एकमेकींच्या मनगटावर पेनानं घड्याळं काढली. दोन दिवसांनी मला आणि दुसऱ्या राज्यातल्या एका मुलीला ऑफिसात बोलावलं. ती मुलगी आधी आत गेली आणि रडत बाहेर आली. मला तेव्हाही वाटलं, बिचारीच्या हाताला काहीतरी झालेलं दिसतंय.

आत डॉक्टर होते आणि आमच्या मॅनेजर मॅडम होत्या. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मनगटाजवळची एक जागा दाखवली. वाढत्या वयात तिथे हाडात एक रेघ दिसते, म्हणाले. वाढ पुरी झाली की ती रेघ मिटते. माझी मिटली होती.

मॅडम म्हणाल्या, "बेटा, सही उम्र बता दे. यहाँ कोई तुझे मारेगा नहीं."

"सोलह," मी म्हणाले.

"फिर से सोच ले."

मी म्हणाले की विचार काय करायचा, मी सोळा वर्षांची आहे. मशीन चुकलं असेल, दुसरा हात बघा. डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला. तेव्हा मी आईची शपथ घेतली. मॅडमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला अजून आठवतं. त्यांना माझा राग आला नव्हता, कंटाळा आला होता. असल्या शपथा त्यांनी खूप ऐकल्या असणार.

संध्याकाळी माझी जर्सी परत घेतली. खोलीतल्या मुली माझ्याशी नीट बोलत होत्या, पण मी आत आले की त्यांचं आपसातलं बोलणं थांबायचं. एकजण जवळ येऊन म्हणाली, "तू मला तरी सांगायचं होतंस." मी तिला म्हणाले, "अगं, काय सांगायचं होतं?" तिनं मान हलवली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. दुसऱ्या दिवशी मला रेल्वेत बसवून दिलं.

अकोल्याच्या स्टेशनावर बाबा आले होते. त्यांनी माझी बॅग खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "जेवली का?" घरी पोचेपर्यंत एवढंच. मी मात्र सबंध रस्ता बोलत होते. मशीन कसं जुनं होतं, डॉक्टर कसा माझं ऐकतच नव्हता, आपण दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घेऊ. घरी आईला सांगितलं की मी तुझी शपथ घेतली तरी ते ऐकेनात. आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

"माही शपथ कायले घेतली?" ती म्हणाली.

"खरंच आहे ना, मग घेतली."

"शपथ घेत नसतात कोणाच्या जिवाची." असं म्हणून ती देवापुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, माझ्यासाठी प्रार्थना करतेय.

सर दुसऱ्या दिवशी आले. खाटेवर बसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मशीन चुकते कधी कधी," म्हणाले. "पाहू आपण. मी बोलतो वर." मग बाबांकडे बघितलं आणि बाबांनी जमिनीकडे. सर लवकर निघून गेले.

एका स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी आली. नाव नव्हतं, पण अकोल्यातून त्या संघात मी एकटीच होते. त्यात 'वयचोरी' हा शब्द होता. बाजारातून येताना मागून एका सायकलवाल्यानं ओरडून तोच शब्द मला म्हटला. मी त्याच्या मागे धावले. तो निसटला, नाहीतर मी त्याला नक्की मारलं असतं. मी चोर नव्हते, आणि ते सिद्ध करण्याचा एक मार्ग मला सुचला. माझा जन्म आईच्या माहेरी, तिवशाला झाला होता. तिथल्या दवाखान्यात. म्हणजे तिथे नोंद असणार. ती खरी नोंद नेऊन त्या डॉक्टरपुढे टाकायची.

मी घरात सांगितलं, मी तिवशाला मामीकडे जाते. आई म्हणाली, "आत्ता? इतक्या उन्हात कायले?" मग म्हणाली की मामी घरी नसन. मग म्हणाली की आपले पाय दुखतात, मी गेले तर घरचं कोण करन. एकामागून एक कारणं काढत राहिली. बाबा दाराशी बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. वर न बघता म्हणाले, "जाऊ दे तिले."

त्या वेळी मला वाटलं, बाबा माझ्या बाजूनं आहेत. आता मला दुसरंच वाटतं. त्यांना माहीत होतं मी काय शोधायला निघाले ते. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं.

अकोल्याहून अमरावती, तिथे बस बदलून नागपूरच्या रस्त्यानं तिवसा. जन्ममृत्यूच्या नोंदी जिथे मिळतात त्या खिडकीशी एक वयस्क कारकून होते. मी त्यांना आईचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, कार्तिक सांगितला. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत दोन महिने पुढचे-मागचे बघितले आणि म्हणाले, "नाही बाई." मी म्हणाले, नीट बघा, मी भारताच्या संघात होते, मला हे लागतंच. त्यांनी चष्मा पुसला. भला माणूस. पुन्हा सगळं वर्ष चाळलं. मग त्याच्या आधीचं रजिस्टर काढलं, मग त्याच्या आधीचं.

"हे बघ," ते म्हणाले. "माय हीच, बाप हाच, राहणार तेल्हारा तालुका. मुलगी. पण हे तू सांगतं त्याच्या दोन वर्षं आधीचं."

मी ती ओळ वाचली. आईचं नाव, बाबांचं नाव, शाईत, पसरट अक्षरात. आणि मला जे वाटलं ते आज सांगताना चमत्कारिक वाटतं, पण अगदी तसंच झालं. मला वाटलं, माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. ती गेली असणार आणि मला कोणी सांगितलं नाही.

कारकुनांनी त्या नोंदीचा दाखला करून दिला. तो घेऊन मी मामीच्या घराकडे चालत निघाले आणि वाटेत त्या बहिणीचा विचार करत राहिले. ती कशानं गेली असेल? किती दिवसांची असेल? आई मधूनच गप्प होते ती तिच्यामुळेच असेल का? मी स्वतःचं दुःख विसरले. आईवर रागवले होते, माहेरी जायला अडवत होती म्हणून, त्याची मला लाज वाटली.

मामी ओसरीवर संत्री निवडत बसली होती. पाणी दिलं, चहा टाकला. मी तिच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "मामी, आईला माझ्या आधी एक मुलगी झाली होती का?"

"तुह्या आधी?" मामी म्हणाली. "नाही वं. तूच पयली."

"मग ही कोण?" मी दाखला दाखवला.

मामीनं तो हातात घेतला, लांब धरून वाचला आणि हसली. "अव, तूच हाय की ही. माह्या लग्नाचं पयलं वर्ष होतं ते. आमी कौंडण्यपूरच्या जत्रेतून येऊन बसलो, अन् तुह्या मायले कळा सुरू झाल्या. मीच बैलगाडीत बसून दवाखान्यात गेली होती तिच्या संग. माह्या लग्नाचं वर्ष मी विसरीन का?"

मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुले मायनं सांगतलं नाही का?"

चहा उतू गेला. आम्ही दोघीही उठलो नाही.

म्हणजे मामीलाही ठाऊक होतं. मामालाही. आईनं त्यांना सांगून ठेवलं होतं की पोरीसमोर वयाचा विषय काढू नका, खेळाचं काम आहे. एवढ्या वर्षांत सुट्ट्यांना मी तिथे गेले, पंगतींना बसले, आणि त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं माझ्यापासून माझंच वय लपवलं. त्या रात्री मी तिथे राहिले, पण जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. बाबा मेथीच्या वाफ्यात पाणी देत होते, आई बांधावर बसली होती. मी दाखला बाबांच्या हातात दिला. बाबांना वाचायला वेळ लागतो. त्यांनी सगळा वाचला, शिक्क्यापर्यंत. पाणी वाफ्यातून वाहून बाहेर गेलं.

"सरांनी सांगतलं होतं," ते म्हणाले.

"काय सांगतलं होतं?"

"दोन वर्षं कमी लावा. सगळेच लावतात म्हणे. लहान पोरींत खेळन तर निवड होईन." एका ग्रामपंचायतीतून उशिरा नोंदवल्याचा नवा दाखला काढला होता. काढून देणारा माणूस सरांच्या ओळखीचा. बाबांनी फक्त सही केली.

आई म्हणाली, "तुह्या भल्यासाठीच केलं ना. तुले काय वाईट व्हावं म्हणून केलं का?"

मी काय बोलणार होते ते बसमध्ये ठरवून आले होते. पण तोंडातून दुसरंच निघालं. "म्हणजे मी ढ नव्हती?"

"आँ?"

"मला तिसरीत बसवलं होतं. तू म्हणाली होतीस, तुला जमणार नाही."

आईला क्षणभर आठवेचना. मग म्हणाली, "तू कुठं ढ होती? पयल्या शाळेतल्या बाई तर म्हणत, पोट्टी लय हुशार हाय. वयाशी वर्ग जुळायले पायजे होता, म्हणून मागं बसवलं."

ती हे माझी समजूत काढायला म्हणाली. मी बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले. संघातून काढलं तेव्हाही मी अशी रडले नव्हते. आई पाठीवरून हात फिरवायला आली, तो मी झटकला. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी मी मैदानावर गेले. सर लहान मुलींचा सराव घेत होते. मला पाहून त्यांनी मुलींना मैदानाला चकरा मारायला लावल्या. मी दाखला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला.

"तिवशाला गेली होती वाटते," म्हणाले.

"सर, तुमी मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी नसती खेळली लहानांत."

"म्हणूनच नाही सांगतलं." ते समजावण्याच्या सुरात बोलत होते, कॉर्नरच्या वेळी कुठे उभं राहायचं हे सांगायचे त्याच सुरात. "तुले खोटं बोलता येत नाही. विचारलं असतं तर तू पटकन बोलून गेली असती. आता पाह्य, तिथं तू शपथ घेतली ना? मनापासून घेतली. खरं वाटल्याशिवाय अशी शपथ निघत नाही. एक्स-रे नसता, तर कोणी तुले हात लावला नसता."

मी म्हणाले, "सर, सगळे मले चोर म्हणून राहिले."

"चार दिवस म्हणतीन. मग विसरतीन." मुली चकरा मारून परत आल्या होत्या. सर त्यांच्याकडे वळले आणि शिट्टी वाजवली.

इथवरही मी त्यांना माफ केलं असतं असं मला कधी कधी वाटतं. त्यांनी माझ्यावर कष्ट घेतले होते, त्यात खोट नव्हती. पण महिन्याभरात संघटनेकडून चौकशीचं पत्र आलं. सरांनी लेखी उत्तर दिलं की, जन्माचा दाखला पालकांनी आणून दिला, तो खोटा असल्याची मला कल्पना नव्हती, खेळाडू व पालक यांनी माझीही फसवणूक केली. खेळाडू हा शब्द त्यांनी आधी लिहिला होता. ते उत्तर आम्हाला दाखवलं गेलं. मी बाबांना म्हणाले, आता तरी खरं लिहून द्या. सरांनी करायला लावलं म्हणून लिहा.

बाबांनी कागदाची घडी घातली. "सरांचे आपल्यावर लय उपकार हायेत," म्हणाले.

"आणि माझं काय?"

"त्याइची नोकरी जाईन. तुह्यं तर जे व्हायचं ते झालंच हाय."

त्यांनी लिहून दिलं नाही. माझ्यावर काही काळाची बंदी आली. सर आजही तिथेच शिकवतात.

पात्रता गटाचे सामने मी फोनवर पाहिले, वावराच्या कडेला, बाभळीखाली बसून. पहिल्या सामन्यात आमच्या मुलींनी आखाती संघाला धुतलं. दुसऱ्यात यजमानांना एका गोलनं हरवलं. माझ्या जागी खेळणारी मुलगी चांगली खेळली. अगदी चांगली. तिसरा सामना त्या उंच मुलींशी होता. बरोबरी पुरे होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल जिथे पडणार होता ती जागा मला इथे बसून दिसली, माझे पाय आपोआप उचलले गेले. माझ्या जागची मुलगी अर्धं पाऊल मागे होती. त्यांच्या उंच मुलीनं डोक्यानं बॉल आत घातला.

तेव्हा मला बरं वाटलं. ज्या मुलींबरोबर मी तीन महिने एका ताटात जेवले, त्या मैदानावर बसून रडत होत्या आणि मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांनी मिळून मला काय करून ठेवलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. बाबा वाफ्यातून विचारत आले, "काय झालं?" मी फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, "हरले."

आमचा संघ गटात दुसरा आला.

मला वाटलं होतं, यापुढे घरात माझ्याशी सगळे जपून वागतील. झालं भलतंच. कार्तिक सरल्यावर एक दिवस मी शाळेतून आले तर ओसरीवर अनोळखी माणसं बसलेली. आईनं मला आत ओढलं आणि म्हणाली, तोंड धू, साडी नेस. तेल्हाऱ्याकडचं चांगलं घर आहे, कापसाची बारा एकर काळी जमीन आहे, मुलगा एकुलता एक आहे.

"आई, मी दहावीत आहे."

"वर्गाचं कायले सांगते? अठरा पुरी झाली तुले. आता तर कागदबी हाय." तिनं कपाटाकडे बोट दाखवलं. तिवशाहून मी आणलेला दाखला तिनं नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता.

मी दप्तर खाली टाकलं. तिला यात काही वावगं दिसत नव्हतं. खेळायला हवी होते तेव्हा दोन वर्षांनी लहान केली, आता खेळ संपला तर दोन वर्षांनी मोठी. मी तशीच, धुळीच्या पायांनी, ओसरीवर गेले आणि त्या लोकांना सांगितलं की पेपरात वयचोरीची बातमी आली होती ती माझीच. ते चहा अर्धा टाकून उठले. आई त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ते मला बरंच झालं.

दाखले दुरुस्त करायला वर्ष-दीड वर्ष गेलं. मीच फिरले, शाळेत, तहसीलला, कोर्टात. बाबांना शपथपत्रावर सही करायला मीच घेऊन गेले. आधीची तारीख चुकीची दिली होती असं त्यात लिहिलेलं होतं. चुकीची, खोटी नाही. वकिलांनीच तसा शब्द घातला होता, मी वाद घातला नाही. बारावी झाल्यावर मी अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकायला आले आणि परत राहायला गेले नाही. बंदी संपल्यावर मोठ्या मुलींत खेळले. जिल्ह्याकडून खेळले, एकदा राज्याच्या संभाव्य यादीत आले, त्यापुढे नाही. आता इथल्याच एका शाळेत नोकरी आहे. शनिवार-रविवारी अजून खेळते.

घरी जाते. दिवाळीला, पोळ्याला. आईशी बोलते, तिच्या गुडघ्यांसाठी तेल नेते. बाबांचा रोज फोन येतो. विचारतील त्याची उत्तरं देते. पण त्यांनी काही सांगितलं की माझं मन आधी म्हणतं, हे खरं असेल का? बाजारात टोमॅटो चढला, एवढं सांगितलं तरी म्हणतं.

गेल्या हिवाळ्यात बाबा न सांगता अमरावतीला आले. रविवार होता, आमचा सामना होता. मी मैदानात उतरल्यावर मला ते दिसले, पलीकडच्या बाजूला, पिशवी मांडीवर घेऊन एकटे बसलेले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझा खेळ बघायला आले होते. आम्ही जिंकलो. सामना संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "चांगली खेळली." मी म्हणाले, "हो." शेजारच्या टपरीवर चहा घेतला. त्यांनी पिशवीतून हिरवे हरभरे काढून दिले. मग मी त्यांना बसस्थानकावर सोडायला गेले.

अकोल्याची बस लागली होती. बाबा खिडकीशी बसले, मी खाली उभी होते. कंडक्टर यायचा होता. बाबांनी खिडकीच्या दांड्याला धरलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुह्या मनातून मी उतरलो का वं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि आला तेव्हा मला तो नको होता. नाही म्हणणं सोपं होतं. साठीकडे आलेला माणूस, पहाटे उठून दोन गाड्या बदलून आलेला.

"हो, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. बाजूला एक बाई मूल घेऊन उभी होती, तिला जागा देण्यासाठी ते आत सरकले आणि पिशवी पायाशी घेतली. बस सुटली. पोचल्यावर त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, नेहमीच्या वेळेला. हरभरे कोवळे निघाले का, असं विचारत होते.